पहिल्या अकरा मुलांचे पुढे काय झाले?

मराठीत ऑटिझमला ‘स्वमग्नता’ हा शब्द आता रुळला आहे. शब्द आटोपशीर आहे आणि मुळाशी इमान राखणाराही आहे. स्विस मानसोपचारतज्ज्ञ युजेन ब्लॉयलर यांनी १९११च्या सुमारास स्किझोफ्रेनियाच्या काही रुग्णांविषयी लिहिताना ‘ऑटिझम’ हा शब्द वापरला, तेव्हा ग्रीक भाषेतला ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्वतः’ हा शब्दच त्यांनी पायाला घेतला होता. तेव्हा भाषांतर म्हणून ‘स्वमग्नते’त काही उणे नाही. अडचण वेगळीच आहे. ‘मग्न’ म्हटले की आपल्याला ध्यान आठवते, भजनात रंगलेला वारकरी आठवतो, पुस्तकात बुडालेले मूल आठवते. मग्न माणसाला बाहेरचे काही नको असते आणि त्याला हाक मारणे म्हणजे त्याचा रसभंग करणे. ‘तो आपल्याच विश्वात सुखी आहे हो, त्याला माणसं लागत नाहीत,’ हे वाक्य मी नातेवाइकांकडून, शिक्षकांकडून, क्वचित डॉक्टरांकडूनही ऐकले आहे.

मी गेली २२ वर्षे विशेष शिक्षिका म्हणून काम करते. हे वाक्य वरकरणी समजूतदार वाटले, तरी त्याचा परिणाम कठोर असतो. ज्याला माणसेच लागत नाहीत त्याच्यासाठी शाळेने वर्गाची मांडणी कशाला बदलायची? कार्यालयाने त्याला काम कशाला द्यायचे? शेजाऱ्यांनी आवाज कशाला कमी करायचा? शब्दाच्या एका छटेआडून भोवतालच्यांची जबाबदारी अलगद निसटून जाते.

स्वमग्न माणसाच्या आयुष्याला वळण कोण देते, त्याच्या आतली अवस्था की त्याच्याभोवतीची माणसे? या प्रश्नाचे एक उत्तर ऑटिझमच्या अगदी पहिल्या नोंदींत सापडते. ज्या मुलांच्या निरीक्षणातून हे निदान जन्माला आले, त्यांचे पुढे काय झाले हे त्याच डॉक्टरांनी २८ वर्षांनी शोधून लिहून ठेवले आहे. ती हकिकत आधी सांगते आणि मग आपल्याकडच्या शाळा, नोकरी आणि गाव यांकडे वळते.

१९४३ आणि त्यानंतर

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत आठ मुलगे होते आणि तीन मुली. माणसांशी नाते जोडण्याची वेगळी तऱ्हा, भोवतालात काही बदलले की होणारी तगमग, तेच तेच करण्यातला आनंद आणि ऐकलेले शब्द जसेच्या तसे उच्चारणे, या गोष्टी त्या साऱ्यांत समान होत्या. तशा अशा मुलांच्या नोंदी मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२०च्या दशकातच केल्या होत्या आणि व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर यांचा निबंध १९४४ साली आला. पण ऑटिझम हे स्वतंत्र निदान म्हणून जगभर गेले ते कॅनर यांच्या लेखणीतून.

पुढची काही दशके या निदानाचा भार आयांनी वाहिला. आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, ही समजूत पसरली. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ सालच्या पुस्तकाने ती घरोघर पोहोचवली. स्वतः स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ सालीच ती खोडून काढायला सुरुवात केली होती. सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी १९७७ साली जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास मांडला आणि या अवस्थेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे स्पष्ट झाले. तरी दोष देण्याची हौस गेलेली नाही. एके काळी आईच्या थंडपणाला नावे ठेवली जात, आज तिने मुलाच्या हाती दिलेल्या मोबाइलला ठेवली जातात. लहान मुलाला तासन्‌तास पडद्यापुढे बसवणे वाईटच, पण त्यातून ऑटिझम होतो असे सिद्ध झालेले नाही. लसीचेही तेच. गोवराच्या लसीशी त्याचा संबंध जोडणारा १९९८ सालचा निबंध ‘द लॅन्सेट’ने २०१० साली मागे घेतला.

आज डॉक्टर निदान करतात ते दोन गोष्टी पाहून. एक, सामाजिक देवाणघेवाणीतला फरक. दुसरी, तोचतोचपणा आणि ठरावीक गोष्टींची ओढ. आवाज, प्रकाश, स्पर्श, वास हे इतरांपेक्षा फार जास्त किंवा फार कमी जाणवणे हेही यातच आले. लंडनच्या लोर्ना विंग यांनी ही अवस्था एका पट्ट्यासारखी आहे हे पटवून दिले. या पट्ट्यावर आयुष्यभर न बोलणारी माणसे आहेत आणि विद्यापीठात शिकवणारीही आहेत. जगात साधारण शंभर मुलांमागे एक, असा ढोबळ अंदाज सांगितला जातो. भारतातल्या ज्या पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या मुलांची मोठी पाहणी झाली आणि २०१८ साली प्रसिद्ध झाली, त्यांत उत्तर गोवाही होता. तिथेही प्रमाण याच्या आसपासचेच निघाले. म्हणजे हजार मुलांच्या शाळेत अशी आठ-दहा मुले असणार. ती दिसत नसतील, तर एक तर ती शाळेत आलेली नाहीत किंवा ‘आळशी’, ‘उद्धट’, ‘विचित्र’ या नावांखाली बसलेली आहेत.

विहिरीची खोली आणि मक्याच्या ओळी

कॅनर यांच्या निबंधातला पहिला मुलगा ‘डोनाल्ड टी.’. त्याचे पूर्ण नाव डोनाल्ड ट्रिप्लेट. जन्म १९३३ चा, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या छोट्या गावातला. त्या काळच्या रीतीप्रमाणे डॉक्टरांच्या सल्ल्याने तो चार वर्षांचा होण्याआधीच त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवण्यात आले. तिथे तो मलूल होत गेला. वर्षभराने आईवडील त्याला परत घेऊन आले. वडिलांनी त्याच्याविषयी ३३ पानांचे पत्र लिहून कॅनर यांना पाठवले. आजही तज्ज्ञ त्या पत्राचा दाखला देतात.

नऊ वर्षांचा झाल्यावर डोनाल्ड घरापासून दहाएक मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे राहायला गेला. कॅनर तिथे जाऊन आले आणि १९७१ सालच्या निबंधात त्यांनी तिथे पाहिलेले लिहिले. डोनाल्डला मोजण्याचा नाद होता. जोडप्याने त्याला विहीर खणताना तिची खोली मोजायला लावले. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करत असे. त्यांनी त्याला शेतात एक तुकडा दिला, तिथे त्याने त्यांची दफनभूमी केली आणि प्रत्येकावर नावाची पाटी लावली. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजायचा. त्यांनी त्याच्या हाती नांगर दिला आणि नांगरता नांगरता मोज म्हटले. कॅनर यांच्यादेखत त्याने सहा लांब ओळी नांगरल्या, घोडा वळवला, नांगर सांभाळला.

त्या जोडप्याला ऑटिझम हा शब्द माहीत असण्याची शक्यता फार थोडी. पण गेल्या पन्नास वर्षांत या क्षेत्रातल्या शिक्षकांनी जे शोधून काढले, त्याचा गाभा या तीन गोष्टींत आहे. मुलाची ओढ तोडायची नाही, तिला जागा द्यायची. ती ओढ उपयोगाच्या कामाला जोडायची. आणि हे सारे रोज भेटणाऱ्या, न बदलणाऱ्या माणसांच्या सोबतीत व्हायला हवे.

डोनाल्ड पुढे गावच्या शाळेत गेला, १९५८ साली फ्रेंच भाषेत पदवी घेऊन बाहेर पडला आणि गावातल्या बँकेत नोकरीला लागला. गाडी चालवायला शिकला, गोल्फ खेळत राहिला, एकट्याने देशोदेशी फिरून आला. २०२३ च्या जूनमध्ये, वयाच्या ८९व्या वर्षी तो वारला. त्याच्या आयुष्याचा शोध घेणारे अमेरिकन पत्रकार जॉन डॉनव्हन आणि कॅरेन झकर फॉरेस्टमध्ये गेले, तेव्हा त्यांना एक गंमत अनुभवाला आली. गावातली निरनिराळी माणसे त्यांना बजावत होती की डोनाल्डला त्रास होईल असे काही लिहाल, तर गाठ आमच्याशी आहे.

डोनाल्डची एक दंतकथा गावात सांगत. शाळेच्या इमारतीकडे नुसते पाहून त्याने तिच्यात किती विटा आहेत ते सांगितले होते म्हणे. म्हातारपणी त्याने या पत्रकारांना खरे काय ते सांगून टाकले: आकडा त्याने मनाने ठोकून दिला होता. का? तर विचारणाऱ्या मुलांचे आपल्याविषयी चांगले मत व्हावे म्हणून. ज्याला पाहून हे निदान निर्माण झाले, त्या ‘स्वमग्न’ माणसाला चारचौघांत मान हवा होता.

आता उरलेल्या मुलांकडे वळू. दुसरा मुलगा १९७१ साली एका सरकारी कार्यालयात प्रती काढण्याच्या यंत्रावर काम करत होता आणि वरिष्ठ त्याच्यावर खूश होते. आणखी एक मुलगा बोलत नव्हता, पण तोही एका शेतकरी जोडप्याकडे राहिला आणि छोटीमोठी कामे करत राहिला. आणि ज्यांची रवानगी लहानपणीच सरकारी मनोरुग्णालयांत झाली? त्यांची स्मरणशक्ती, संगीताची ओढ, बदलाला विरोध करण्याची जिद्दसुद्धा हळूहळू विझून गेली. अशा ठिकाणी दाखल होणे म्हणजे जन्मठेपच, असा निष्कर्ष कॅनर यांनी काढला आहे.

अकरा मुलांवरून नियम बांधता येत नाही. मुलामुलांच्या क्षमतांत फरक होताच. शिवाय डोनाल्डच्या बाजूने बरेच काही होते. आई बँकेच्या मालक घराण्यातली, वडील वकील, घर गोऱ्या सुखवस्तूंचे. त्याच मिसिसिपीत त्याच वर्षी जन्मलेल्या गरीब कृष्णवर्णीय स्वमग्न मुलाची कोणी नोंदही ठेवली नसेल. म्हणून मी या हकिकतीकडे यशोगाथा म्हणून पाहत नाही. डोनाल्डला जे घराच्या ऐपतीमुळे आणि गावाच्या आपुलकीमुळे मिळाले, ते इतरांना शाळा, कायदा आणि शेजार यांनी मिळवून द्यायला हवे. आपल्याकडे ते कुठवर मिळते, ते पाहू.

शाळा: वर्गाची मांडणी

भारतात ऑटिझमला कायद्याची ओळख उशिरा मिळाली. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात सात प्रकार होते. त्यांत ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात तो आला आणि दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ ने मान्य केलेल्या २१ प्रकारांत त्याला जागा मिळाली. या कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. लिहिण्याची अडचण असेल तर परीक्षेत लेखनिक मिळतो, तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात. प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे आणि त्यापुढे पंधरांमागे एक विशेष शिक्षक हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले आहे.

कागदावर हे भक्कम आहे. पण मुलाचा दिवस वर्गात जातो, आणि तिथे उपयोगी पडणाऱ्या बऱ्याच गोष्टी बिनखर्चाच्या असतात. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात एरिक शॉप्लर यांनी १९६०-७० च्या दशकांत शिकवण्याची जी पद्धत घडवली, तिचे मर्म एका वाक्यात सांगता येते: डोळ्यांना दिसेल असे सांगा. ‘आता काय, नंतर काय, किती वेळ, कधी संपणार’ या चार प्रश्नांची उत्तरे मुलाला चित्रांतून दिसली की त्याची निम्मी धास्ती कमी होते. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे चिकटवलेली प्रार्थना, गणित, डबा, खेळ, घर ही पाच चित्रे आणि झालेले चित्र उलटे करायची सवय, एवढ्यावर मी अनेक मुलांना दिवसभर वर्गात टिकलेले पाहिले आहे. तासिका बदलण्याआधी पाच मिनिटे कल्पना देणे, दारापासून आणि खडखडणाऱ्या पंख्यापासून दूर जागा देणे, फार आवाज झाला तर जाऊन बसायला एक शांत कोपरा ठेवणे या तशाच गोष्टी. लेझीमच्या सरावात कान झाकून ओरडणारे मूल खोडकर नसते. त्याच्या कानांना ते खरोखर सोसत नसते.

दुसरी गोष्ट भाषेची. आपले बोलणे किती आडवळणाचे असते ते मला स्वमग्न मुलांमुळे कळले. ‘फळा पुसशील का?’ असे बाई विचारतात. मूल ‘हो’ म्हणते आणि जागचे हलत नाही. त्याने प्रश्नाचे खरे उत्तर दिलेले असते. ‘पाच मिनिटांत आले’ म्हटले की ते घड्याळ लावून बसते. ‘डोकं खाऊ नकोस’ म्हटले की घाबरते. ‘रोहन, फळा पूस’ इतके साधे वाक्य पुरते. नाव आधी, काम नंतर, एका वेळी एकच.

काही मुले ‘मला पाणी हवं’ असे म्हणण्याऐवजी ‘तुला पाणी हवंय का?’ म्हणतात. पाणी मिळण्याआधी नेहमी जे वाक्य कानावर पडते, तेच ती पाण्यासाठी वापरतात. कॅनर यांनी डोनाल्डच्या बोलण्यातही ‘मी’च्या जागी ‘तू’ टिपले होते. पूर्वी अशा पोपटपंचीला निरर्थक मानून ती बंद पाडायचा प्रयत्न होई. आता ती बोलण्याची एक पायरी मानली जाते. जी मुले बोलत नाहीत, त्यांना चित्रांची पत्ती देऊन किंवा पडद्यावरचे चित्र दाबून मागता येते. आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ नावाचे मोफत अ‍ॅप मराठीतही बोलते. चित्रांची सवय लागली की मूल बोलायचे थांबेल ही भीती निराधार आहे.

इथे मराठी वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. मुलाला ऑटिझम आहे असे कळले की अनेक घरांना सल्ला मिळतो, ‘दोन भाषांनी गोंधळेल, घरात फक्त इंग्रजी बोला.’ दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांचा भाषाविकास मागे पडतो, असे संशोधनात आढळलेले नाही. उलट या सल्ल्यामुळे आई तुटक इंग्रजीत बोलू लागते, आजी गप्प बसते, आणि ज्या मुलाला बोलण्याची संधी आधीच कमी, त्याच्याभोवतीचे बोलणे आणखी आटते. मुलाशी आपल्या भाषेत बोला.

काम: मुलाखतीचा अडसर

शाळा संपली की रस्ता एकदम तुटतो. वेळापत्रक जाते, गणवेश जातो, रोज भेटणाऱ्या बाई जातात. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा घरी बसतो आणि शिकलेलेही विसरू लागतो. कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी चार टक्के जागा राखल्या आहेत. त्यांतला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांत मिळून वाटला जातो. तेव्हा बहुतेकांना खासगी क्षेत्राकडेच पाहावे लागते.

तिथे पहिली भिंत मुलाखतीची. डोळ्याला डोळा देणे, हातात हात देणे, ‘स्वतःविषयी काहीतरी सांगा’ या गोलमोल प्रश्नाला तितकेच गोलमोल उत्तर देणे, हे ज्याला जमत नाही तो कामाला वाईट असतो असे मुळीच नाही. डेन्मार्कच्या थोर्किल सोने यांनी आपल्या स्वमग्न मुलाचा विचार करून २००४ साली ‘स्पेशलिस्टेर्न’ ही कंपनी काढली. तिथे मुलाखतीऐवजी उमेदवारांना लेगोचे यंत्रमानव जोडायला देत आणि ते काम कसे करतात ते पाहत. त्यांच्या मदतीने ‘सॅप’ या सॉफ्टवेअर कंपनीने २०१३ साली स्वमग्न व्यक्तींना कामावर घेण्याचा कार्यक्रम जाहीर केला. त्याआधीचा एक प्रयोग बंगळुरूत झाला होता.

या बातम्यांमुळे एक नवा गैरसमज मात्र आला, की स्वमग्न माणूस म्हणजे संगणकातला जादूगार. १९८८ च्या ‘रेन मॅन’ चित्रपटाने ही प्रतिमा घट्ट केली; ज्या किम पीकवरून त्यातले पात्र सुचले, त्याला ऑटिझम नव्हता असे त्याच्या डॉक्टरांचे मत होते. असामान्य स्मरणशक्तीची माणसे थोडीच असतात. बाकीच्यांना साधे काम हवे असते: ग्रंथालयात पुस्तके क्रमाने लावणे, दवाखान्यातल्या फायली जुळवणे, छापखान्यात फॉर्म मोजून गठ्ठे बांधणे, रोपवाटिकेत पिशव्या भरणे, उपाहारगृहात भाज्या निवडणे. अचूकपणा आणि तेच काम न कंटाळता करणे हे जिथे गुण ठरतात, अशी कामे प्रत्येक गावात आहेत.

मालकाला फार काही करावे लागत नाही. काम लिहून द्यावे, चित्राने दाखवले तर आणखी बरे. सूचना एकाच माणसाने द्याव्यात. चूक झाली तर टोमणा न मारता सरळ सांगावी. ‘लवकर ये’ न म्हणता ‘साडेनऊला ये’ म्हणावे. डबा एकट्याने खायचा असेल तर खाऊ द्यावा. पहिले दोन-तीन महिने शिकवणारे माणूस सोबत असले की पुढे बहुतेकांचे आपापले चालते. कायदाही अशा वाजवी सोयी देण्याविषयी बोलतो. या सोयी लागू झालेल्या एका छोट्या कारखान्यात मालक मला म्हणाले, ‘बाई, सूचना लिहून लावायला लागल्यापासून बाकीच्यांच्या चुकाही कमी झाल्या.’

न समजण्याचा प्रश्न एकाच बाजूचा नाही, हे संशोधनही सांगते. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडले की स्वमग्न माणसाला इतरांचे मन वाचता येत नाही, तसे इतरांनाही त्याचे येत नाही. पुढे कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी ७२ प्रौढांवर एक प्रयोग केला. कानगोष्टीच्या खेळासारखी एक गोष्ट आठ-आठ जणांच्या साखळीतून पुढे पाठवायची. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच शाबूत राहिली जितकी इतरांच्या साखळीत. मिश्र साखळीत मात्र तिची जास्त गळती झाली. पुढच्या मोठ्या अभ्यासात मिश्र साखळीतली ही गळती तशी दिसली नाही. पण स्वमग्न माणसे आपापसांत माहिती पोहोचवायला कमी पडत नाहीत, हे दोन्ही वेळा आढळले.

गाव: ओळखीची माणसे

शाळा आणि नोकरी यांच्या बाहेर उरतो तो शेजार. तिथे कायदा फारसा पोहोचत नाही. केस कापायला न्हाव्याकडे जाणे, दातांच्या डॉक्टरांकडे तोंड उघडणे, लग्नात ‘काकांच्या पाया पड’ म्हटल्यावर गर्दीतून पुढे होणे, हे प्रसंग कुटुंबाला इतके थकवतात की बरीच घरे हळूहळू जाणे-येणेच सोडतात. लोकांचे टक लावून पाहणे आणि ‘आईने वळण लावले नाही’ ही कुजबुज टाळायचा तोच सोपा मार्ग वाटतो.

हा अंक हाती येतो त्याच दिवसांत फटाके वाजत असतात. पुष्कळ स्वमग्न मुलांना आवाजाइतकाच त्याचा अवचितपणा छळतो. पुढचा फटाका कुठून आणि कधी येईल ते कळत नाही. एखाद्या सोसायटीने ‘आठ ते नऊ, फक्त मागच्या मैदानात’ एवढे ठरवून पाळले, तर ते घर त्या तासाची तयारी करू शकते: खिडक्या लावणे, कानांवर आवाजरोधक लावणे किंवा बाहेर चक्कर मारून येणे. गणपतीतल्या ढोल-ताशाचेही तसेच. उत्सव बंद करा, असे कोणी म्हणत नाही; वेळ आणि जागा आधी सांगा, एवढेच मागणे असते.

काही मुले बेसावध क्षणी घराबाहेर निघून जातात, आणि बोलता येत नसेल तर पत्ताही सांगू शकत नाहीत. अशा वेळी कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार, रिक्षास्थानकावरचा एखादा चालक, शेजारच्या इमारतीचा पहारेकरी यांना ते मूल ओळखीचे असेल, तर ते दहा मिनिटांत घरी परत येते. मी पालकांना सांगते, निदान लपवू नका. न्हाव्याला गर्दी नसलेली वेळ विचारा. दुकानदाराला सांगा, हा पैसे मोजायला वेळ घेईल, घेऊ द्या. पहिल्यांदा हे सांगणे जड जाते. ज्यांनी सांगितले त्यांच्याकडून मी बहुधा हेच ऐकले की पाहणाऱ्यांची नजर नंतर निवळली.

‘आमच्या मागे काय?’

पालकसभेत कुठल्याही विषयाने सुरुवात झाली, तरी चर्चा शेवटी याच प्रश्नावर येते. याची थोडी उत्तरे कायद्यात आहेत. राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती अठरा वर्षांवरील व्यक्तीला कायदेशीर पालक नेमू शकते. ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. प्रौढांच्या एकत्र निवासासाठीही योजना आहे, पण अशी घरे गरजेच्या मानाने फारच थोडी. इच्छापत्र, विश्वस्त निधी, पालक कोण हे सारे वेळेवर करावेच.

त्याबरोबर मी पालकांना आणखी एक कागद करायला सांगते. आपल्या मुलाला नावाने हाक मारणारी, त्याला काय आवडते आणि कशाने त्रास होतो हे ठाऊक असणारी, घराबाहेरची माणसे त्यावर लिहायची. पहिल्या वेळी बहुतेकांची यादी दोन-तीन नावांवर थांबते: शाळेतल्या बाई, रिक्षावाले काका, एखादी मावशी. मग वर्षाला दोन नावे वाढवायचे ठरवतो. ग्रंथपाल, मंदिराचे पुजारी, पोहण्याच्या तलावावरचा शिक्षक, खालच्या मजल्यावरची महाविद्यालयीन मुलगी. ही नावे पालकांना एकट्याने मिळवता येत नाहीत. तुमच्या इमारतीत, वाडीत किंवा गल्लीत असे एखादे घर असेल, तर त्या यादीत आपले नाव लिहायला सांगा आणि त्या मुलाला त्याच्या नावाने हाक मारा. उत्तर यायला थोडा वेळ लागेल, तेवढा थांबा.